जोडपं एक, वेळ एक

अप्पा गेल्यापासून त्या घरात सगळ्यांना एक नवीच चैन परवडायला लागली होती. वाक्य पूर्ण करायची. मामाने तर गेल्या काही महिन्यांत इतकी वाक्यं पूर्ण केली होती की ऐकणाऱ्यांचे कान किटले. त्या रविवारी सकाळीही जेवणाच्या टेबलाशी बसून, अप्पांनी आपल्याला मालधक्क्याच्या वजनकाट्यावर नोकरी कशी लावली हे तो पहिल्यापासून सांगत होता. अप्पांच्या लेकीच्या, चिमटीच्या मनात येऊन गेलं, चमचा वाजवायला आज अप्पा हवे होते. मग तिला स्वतःचाच राग आला.

अप्पा वजनमापे खात्यात होते. दिवसभर दुकानदारांची खोटी मापं पकडायची आणि संध्याकाळी घरी येऊन माणसांचं बोलणं तोलायचं, असा त्यांचा दिनक्रम. समोरचा जरा लांबला की ते चहाचा चमचा ग्लासावर आपटत आणि विचारत, "मुद्दा काय?" बस, संपलं. या दोन शब्दांनी त्या घरात जितकं बोलणं मारलं तितकं कुणी झुरळंसुद्धा मारली नसतील. दादा लहानपणापासून तारेच्या भाषेत बोलायला शिकला आणि पुढे विमा कंपनीत मोठा साहेब झाला. चिमटी दातांची डॉक्टर झाली. ज्या धंद्यात समोरच्याचं तोंड उघडं असतं पण त्याला बोलता येत नाही आणि आपण मात्र हवं तितकं बोलू शकतो, तो धंदा तिने काही उगाच निवडला नव्हता.

आईला मात्र मुद्द्यावर येणं शेवटपर्यंत जमलं नाही. ती गोष्ट सांगायची ती गावाच्या वेशीपासून, रमतगमत. "कॉलेजात असताना एकदा…" असं ती भाजी वाढता वाढता सुरू करायची, आणि चमचा वाजायचा. हे इतक्या वेळा झालं होतं की पोरांनी त्याची नक्कल बसवली होती. चिमटी म्हणायची, "कॉलेजात असताना एकदा," आणि दादा लगेच वाटीवर चमचा आपटायचा. आईसुद्धा हसायची. तेव्हा ते फार विनोदी वाटायचं.

आई वर्षाच्या सुरुवातीला गेली आणि पाच महिन्यांनी तिच्यामागून अप्पा. दोघंही एकाच विद्यापीठाचे पदवीधर. आणि सगळं त्रांगडं तिथेच होतं.

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाची दरवर्षी स्मरणसभा व्हायची. त्या वर्षी जे जे माजी विद्यार्थी वारले असतील त्यांचा फोटो पडद्यावर येई, आणि घरच्यांपैकी एकाने माइकसमोर उभं राहून त्यांचं जीवन आणि कारकीर्द सांगायची. वेळ तीन मिनिटं. ही सभा म्हणजे मेलेल्यांना सरसकट बढती द्यायचा कार्यक्रम होता. सहायक अभियंता मुख्य अभियंता होऊन निघे, उपसंचालकांचा 'उप' जिन्यातच गळून पडे. ज्यांनी उभ्या आयुष्यात बायकोला पाण्याचा पेला दिला नाही ते हळव्या मनाचे निघत, आणि ज्यांना हाताखालची माणसं चोरून शिव्या घालत त्यांच्या शिस्तीवर सभागृह माना डोलावी. या सभेत घंटा वाजवायचं काम कैक वर्षं अप्पांकडे होतं. लाकडी मुठीची पितळी घंटा टेबलावर ठेवून ते बसत. वेळ भरली की वाजवत. बोलणारी विधवा असो, रडत असो, वाक्य 'आणि शेवटच्या क्षणी ते मला म्हणाले की' इथपर्यंत आलेलं असो, घंटा म्हणजे घंटा. लोक त्यांना टरकून होते आणि त्या टरकण्याला ते आदर समजत.

पुढे मरणारे वाढले. सभा लांबायला लागली, चहा गार व्हायला लागला. तेव्हा अप्पांनीच नियम केला की नवराबायको दोघंही पदवीधर असून एकाच वर्षात गेले तर दोघांना मिळून एकच वेळ, आणि बोलणाराही एकच. 'जोडपं एक, वेळ एक.' हे त्यांनी ठरावात असं सुटसुटीत लिहून दिलं आणि घरी येऊन चार वेळा म्हणून दाखवलं. आई तेव्हा समोर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली होती, "पण अहो, समजा…" आणि चमचा वाजला होता.

आता दादा टेबलाशी उभा राहून त्या तीन मिनिटांची तालीम करत होता. फोनवर घड्याळ लावलेलं. सभा दुपारी चारला. ऐकायला बायको, म्हणजे चिमटीची वहिनी, शिवाय आत्या, मामा आणि चिमटी. भाषण चांगलं होतं, त्यात खोटं फारसं नव्हतं. अप्पा 'नियंत्रक' पदावरून निवृत्त झाले एवढंच काय ते. वास्तविक ते उपनियंत्रक होते. साहेब रजेवर असताना त्यांच्या खुर्चीत तीन महिने बसले होते, त्याच्या जोरावर दादाने 'उप' उडवला होता. अप्पा लायब्ररीच्या समितीवर होते, रस्त्यावरच्या दिव्यांच्या समितीवर होते, समित्या नेमणाऱ्या समितीवरही होते. फोनचं घड्याळ वाजलं तेव्हा दादा शेवटच्या वाक्यावर होता.

"त्यांच्या पत्नी याही याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी होत्या."

चिमटीने विचारलं, "आणि आई?"

"म्हटलं की आत्ता."

"दादा, हे आईबद्दल नाहीये. हे अप्पांच्या बायकोबद्दल आहे."

दादाने तिला समजावलं, अगदी विम्याचा दावा नामंजूर करताना समजावतो तसं. वेळ मोजका आहे. नियम अप्पांचाच आहे. लोक अप्पांसाठी येणार आहेत. आईला ओळखतं कोण? आणि आईला स्वतःलाही हे सगळं आवडलं नसतंच. या शेवटच्या वाक्यावर चिमटीचं डोकं फिरलं. आईला काय आवडलं असतं हे त्या घरात कुणी कधी तिला बोलू दिलं होतं? ती गेली तेव्हा भेटायला आलेलं माणूस तिच्याबद्दल काही बोलायला लागलं की अप्पा म्हणायचे, ते सभेत बोलू, तिथे रीतसर वेळ आहे. म्हणजे घरात बोलणं झालंच नाही, सभेवर ढकललं. आणि आता सभेत आठ शब्द. पुढच्या वर्षी नवे मेलेले असणार. आईची पाळी ती एवढीच होती.

मामाने दादाची बाजू घेतली. सख्ख्या बहिणीचा भाऊ तिच्या बाजूने उभा राहील असं कुणाला वाटलं असेल तर त्याने मामाला पाहिलेलं नाही. मामाचं म्हणणं असं की आपल्या बहिणीने काय केलं, तर नोकरी केली. नोकरी सगळेच करतात. अप्पांनी मात्र माणसं उभी केली. उदाहरणार्थ मी. असं म्हणून तो पुन्हा वजनकाट्यावर चढला.

आत्या इतका वेळ खिडकीपाशी बसून कानातलं यंत्र चोळत होती. अप्पांची ती धाकटी बहीण. तिच्याकडून चिमटीला काडीची आशा नव्हती, कारण भाऊ म्हणजे तिचं दैवत. पण आत्या मध्येच म्हणाली, "ती घंटा परत आली का रे?"

"कुठली घंटा?" दादा म्हणाला.

"सभेतली. ती आपल्या घरची आहे. तुझी आई लग्न होऊन आली ना, तेव्हा तिच्या ट्रंकेत होती. कपडे दोन, पुस्तकं ढीगभर आणि ही घंटा. मी म्हटलं, वहिनी, घंटा कशाला? तर म्हणाली, सांगेन कधीतरी."

"मग?"

"मग काय. सांगायला लागली की तुझे अप्पा बसलेलेच असायचे."

चिमटीला आठवलं, घंटा पूर्वी आईच्या कपाटावर होती. एका वर्षी अप्पा ती सभेला म्हणून घेऊन गेले आणि परत आणलीच नाही. तिने एकदा आईला विचारलंही होतं की तुझी घंटा गेली ना? आईने हात पुसत सुरुवात केली होती, "अगं, कॉलेजात असताना एकदा…" पुढचं नेहमीप्रमाणे.

शेवटी तोडगा वहिनीने काढला. वहिनी त्या घरात कधी आवाज चढवत नसे. ती चहाचे कप गोळा करता करता काहीतरी बोलून जाई आणि तेच होई. ती म्हणाली, अर्धं अर्धं करा. दीड मिनिट अप्पा, दीड मिनिट आई. दादाने आढेवेढे घेतले, समित्या कापायच्या म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं, पण आत्याने डोळे वटारले आणि तो कबूल झाला. त्याने चिमटीला शब्द दिला. आईबद्दल काय काय बोलायचं ते तिने त्याला सांगितलं आणि त्याने कागदावर उतरवूनही घेतलं. मामा रुसून गॅलरीत गेला.

"फोटोचं काय?" चिमटीने विचारलं. संघाला दिलेला फोटो तिने पाहिला होता. अप्पा कुठलीशी ढाल स्वीकारताहेत आणि त्यांच्या खांद्यामागून आईचा एक कान आणि अर्धी भुवई दिसते आहे.

"ते मी बघते," वहिनी म्हणाली आणि कप विसळायला निघून गेली.

सभागृह विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत होतं. उंच छत, त्याला लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर ओळीने माजी कुलगुरू. ते सगळे एकाच चित्रकाराने काढल्यामुळे एकाच बापाची लेकरं वाटत. पुढच्या दोन रांगा मृतांच्या घरच्यांना राखून ठेवलेल्या. प्रत्येक खुर्चीपुढे अरुंद फळी, त्यावर पाण्याचा ग्लास. चिमटीने मागे वळून पाहिलं तर नुसती पिकलेली डोकी, एकमेकांकडे निरखून बघणारी. पुढच्या वर्षी पडद्यावर कोण याचा अंदाज चालला असावा.

अध्यक्ष पूल बांधणारे निवृत्त इंजिनियर होते आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे अशा सभांना ते फार योग्य होते. घंटेवर आता संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. बिचारे भित्रे. घंटा वाजवण्याआधी ते बोलणाऱ्याकडे क्षमा मागितल्यासारखं बघत आणि मग इतक्या हळू वाजवत की ती त्यांच्याच खिशात वाजल्यासारखी वाटे. पण वाजवत, वेळेवर वाजवत. अप्पांच्या जागेवर बसायचं म्हणजे तेवढं आलंच.

एक अन्न निरीक्षक झाले, दोन वकील झाले. वकिलांपैकी एकाच्या मुलीने वडिलांनी हरलेल्या खटल्यांना 'तत्त्वाची लढाई' म्हटलं. मग अप्पांचं नाव पुकारलं गेलं, मागोमाग आईचं. दादा उठला, कोट ओढून नीट केला, माइकपाशी गेला. पडद्यावर फोटो आला.

फोटोत अप्पा नव्हतेच. पांढरा कोट घातलेली आई होती, चाळिशीतली, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी. हातातला काचेचा चंबू उजेडात धरून ती त्यातल्या पाण्याकडे डोळे बारीक करून बघत होती, जणू पाण्याने काही चहाटळपणा केलाय आणि तिने तो पकडलाय. चिमटीने हा फोटो कधी पाहिला नव्हता. तिने वहिनीकडे बघितलं. वहिनी समोर बघत होती, चेहरा अगदी साळसूद.

दादाने पडद्याकडे बघितलं नाही. त्याची पाठ होती. तो म्हणाला, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय उपाध्यक्ष, माझ्या वडिलांचे स्नेही, आणि ज्या वास्तूने माझ्या वडिलांना घडवलं त्या वास्तूचे सर्व…"

चिमटीला दादा माहीत होता. घरात तारेच्या भाषेत बोलणारा हा माणूस. त्याच्यापुढे माइक, शंभर-दीडशे पिकली डोकी, आणि थांबवणारा बाप नाही. तो उधळला. त्याने आभार मानले. ज्यांचे मानले त्यांचे का मानले ते सांगितलं. खिशातला कागद खिशातच राहिला. अप्पा नियंत्रक झाले, दिव्यांची समिती आली, समित्यांची समितीही आली. पहिल्या रांगेतून मामा दोन्ही हात पारड्यासारखे खालीवर करत वजनकाट्याची आठवण देत होता, तर तेही आलं. आणि हे सगळं आईच्या फोटोखाली. मागे कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं की या बाई वजनमापे खात्यात होत्या का.

प्राध्यापकांनी क्षमा मागितली, घंटा हलवली.

दादा दचकला. "आणि आई," तो म्हणाला.

घंटा पुन्हा वाजली.

आणि दादा थांबला. एवढा मोठा साहेब, पण ती घंटा ऐकल्यावर आठ वर्षांचा होऊन गप्प झाला. मान खाली घालून तो जागेवर येऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारण्यासाठी कागद डोळ्यांजवळ नेला.

चिमटी उठली. काय करायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं, राग आवरत नव्हता एवढंच तिला कळत होतं. ती व्यासपीठावर चढली, माइक ओलांडून टेबलापाशी गेली आणि प्राध्यापकांच्या पुढ्यातली घंटा उचलली. दाढ उपटताना जशी ती आधी बोलत नाही तसंच. प्राध्यापक "अहो, अहो" करत अर्धवट उठले. त्यांना वाटलं घंटेवरून काही रोष आहे.

"ही आमच्या आईची आहे," ती म्हणाली. "घरी न्यायला आले आहे."

"पण मॅडम, ही संघाची…"

"माझ्या वहिनींची आहे ती," पहिल्या रांगेतून आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. कानातलं यंत्र लावलं की तिला स्वतःचा आवाज कळत नसे. "त्यांच्या ट्रंकेतली. मी बघितली आहे."

आता एका मयताच्या बहिणीशी, भर स्मरणसभेत, ट्रंकेवरून वाद कोण घालणार? प्राध्यापक खाली बसले. खरं तर त्यांना सुटल्यासारखंच झालं असावं. अध्यक्षांना काही ऐकू आलं नव्हतं, त्यांनी मान डोलावली. चिमटी घंटा हातात घेऊन माइकपुढे उभी राहिली. घंटेची जीभ हलू नये म्हणून तिने ती मुठीत धरली होती.

"वेळ संपली आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आता घंटा नाही. तेव्हा बसा जरा."

मग ती बोलली. आई या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती, पुढे तिथली मुख्य रसायनतज्ज्ञ झाली. 'मुख्य' खरंच, मी वाढवलेलं नाही, असं तिने मुद्दाम सांगितलं तेव्हा दोन-तीन ठिकाणी खोकले आले. रोज सकाळी शहर उठायच्या आत तिने शहराचं पाणी तपासलेलं असायचं. तुमच्यासमोर जे ग्लास आहेत ना, त्यातलं पाणी कितीतरी वर्षं आधी तिने बघितलं आणि मग तुम्ही प्यायलात.

"एका वर्षी संघाचं स्नेहभोजन रद्द झालं होतं. आठवतं?"

आठवत होतं. सभागृहात कुजबुज झाली. इतर सगळं विसरलेल्या लोकांनाही बुडालेलं जेवण बरोबर आठवत होतं.

"ते तिने केलं. नदीच्या पाण्यात काहीतरी उतरलं होतं. वरचे साहेब नको म्हणत असताना तिने तीन दिवस शहराचे नळ बंद करायला लावले. तुम्ही सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या. आमच्या अप्पांनीही घातल्या, जेवण त्यांनीच ठरवलं होतं. त्या तीन दिवसांत या शहरात एकही माणूस आजारी पडला नाही. त्यामुळे काही झालं होतं हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही."

कुजबुज थांबली. चिमटीने पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की पुढचं नाहीच. घंटा तिच्या हातात होती, वेळ हवा तितका होता, आणि आईबद्दल आणखी बोलायचं तर तिच्याकडे होती नुसती सुरुवात. नुसत्या सुरुवातींचा ढीग. कुणासमोर रडायची तिला भयंकर चीड होती, पण आलं रडू.

"आमच्या आईची पुष्कळ वाक्यं माझ्याकडे अर्धी आहेत," ती म्हणाली. "घरात तिला ती पुरी करता आली नाहीत. अप्पा चमचा वाजवायचे आणि आम्ही हसायचो. एक वाक्य तर तिने शंभरदा सुरू केलं असेल. 'कॉलेजात असताना एकदा.' पुढे काय ते आम्हाला ठाऊक नाही. या घंटेचं काहीतरी होतं. तुमच्यात तिच्या वर्गातलं कुणी आहे का?"

पंखे फिरत होते. मग शेवटून दुसऱ्या रांगेत एक काठी वर झाली. काठीमागून एक बाई हळूहळू उभ्या राहिल्या, आखूड कापलेले पांढरे केस, जाड चष्मा. आपण औषधांच्या दुकानात आयुष्य काढलं आणि तुझ्या आईबरोबर वसतिगृहात एका खोलीत राहायचो, असं त्यांनी सांगितलं. माइक नको, माझा आवाज पुरतो, असंही.

"वादविवाद स्पर्धा होती," त्या म्हणाल्या. "मंडळाची चिटणीस तुझी आई. वेळ मोजायला तीच बसायची, घंटाही तिनेच आणलेली. तुझे वडील उठले. त्यांनी अध्यक्षांना वंदन केलं, परीक्षकांना केलं, विद्यापीठाला केलं, भिंतीवरच्या सगळ्या कुलगुरूंना एकेक करून केलं. वेळ संपत आली तरी यांचं वंदनच चाललेलं. तिने घंटा दिली. हे थांबेनात. तिने पुन्हा दिली. तरी हे आपले चालूच. मग ती उभी राहिली आणि सगळ्या सभागृहासमोर विचारलं…"

बाई दम घ्यायला थांबल्या.

"'मुद्दा काय?'"

हशा असा उसळला की भिंतीवरचे कुलगुरू हलले असतील. पहिल्या रांगेत वहिनीने पदर तोंडाला लावला. दादाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता आणि त्याचे खांदे गदगदत होते, पण हसण्याने की कशाने ते कळत नव्हतं. मामा इकडेतिकडे बघत होता. आत्या तेवढी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "अरे चोरा." हे तिच्या दैवताला उद्देशून होतं.

"आणि मग?" चिमटीने विचारलं.

"मग काय. महिनाभर भांडायला येत होते वसतिगृहाच्या दाराशी. नंतर भांडायचं विसरले. लग्नात ती म्हणाली मला, घंटा बरोबर नेतेय, लागेल." बाईंनी काठी टेकली. "लागली दिसतेय. पण हात बदलला."

त्या बसल्या. लोक अजून हसत होते, चिमटीला मात्र आता हसू येईना. तिला दरवर्षीची सभा आठवत होती. व्यासपीठावर घंटा घेऊन बसलेले अप्पा, आणि पहिल्या रांगेत आई, स्वतःची घंटा आणि स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या हातात बघत, मांडीवर पर्स धरून शांत बसलेली. तिला राग येत असेल का? की मनात हसत असेल? विचारायला हवं होतं. विचारलं असतं तरी ती वेशीपासून सुरुवात करणार आणि आपण चमचा शोधणार. चिमटीने घंटा पर्समध्ये टाकली, पर्सची चेन ओढली आणि खाली उतरली.

अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. डाक खात्यातले एक उपसंचालक. त्यांचा मुलगा माइकशी आला, त्याने टेबलाकडे पाहिलं, घंटा नाही हे पाहिलं, आणि वडिलांच्या जन्मापासून सुरुवात केली. 'उप' केव्हाच गळाला होता. वडील शाळेत जायला लागले तेव्हा लोकांनी चहाची वाट बघायला सुरुवात केली. ते नोकरीला लागले तेव्हा शेवटची रांग उठून बाहेर जायच्या बेतात होती. प्राध्यापक रिकाम्या टेबलावर बोटं वाजवत होते, पण बोटांना कोण भिणार? संघात अप्पांची आठवण त्या दिवशी जितकी मनापासून निघाली तितकी दादाच्या भाषणाने निघाली नसती.

तेवढ्यात दादा चिमटीकडे झुकला. त्याचे डोळे लाल होते. तिला वाटलं हा आता माफी मागणार, आणि तिने त्याच्यासाठी दोन कडक शब्द काढूनही ठेवले.

"आणखी कुठली होती गं?" त्याने विचारलं. "अर्धी?"

चिमटीने कडक शब्द परत ठेवले. तिने जरा आठवलं. "'त्या नळबंदीच्या रात्री मी एकटीच पंपावर गेले, तर तिथे…'"

"हां. ते मलाही सांगायला लागली होती. तिथे कुणी पहारेकरी होता ना?"

"पहारेकरी नव्हता, कुत्रं होतं," पलीकडून आत्या म्हणाली. "मला त्या कुत्र्यापर्यंत सांगितलं होतं तिने. थांब, नीट सांगते. त्या दिवशी सकाळपासूनच…"

वहिनी खुर्ची सरकवून जवळ आली. आत्या सकाळपासून निघाली, वाटेत भाजीवाला, बंद पडलेली स्कूटर, सगळं घेत घेत. कुत्रं अजून कोसभर लांब होतं. मामा घड्याळाकडे बघून चुळबुळला आणि म्हणाला, "पण यात मुद्दा काय?"

चौघांनीही त्याच्याकडे पाहिलं. चिमटीचा हात पर्सच्या चेनवर गेला.

मामाने मान फिरवली, समोरचा ग्लास उचलला आणि निमूटपणे पाणी प्यायला. आत्याने भाजीवाल्यापासून पुन्हा सुरुवात केली.